पातूरचा मधुचंद्र

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे गेल्या वर्षी लग्न झाले आणि ते जोडपे मधुचंद्रासाठी दुबईस गेले. तेथून त्याने मला एक छायाचित्र पाठवले. वाळूच्या उंचवट्यावर दोघे उभी आहेत. त्याच्या डाव्या हातात जाड कातडी मोजा आहे, आणि त्या मोज्यावर एक ससाणा बसला आहे. ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी आहे. नवरानवरी कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. ससाण्याला अर्थातच काही दिसत नाही. 'सर, तुम्हांला पक्ष्यांची आवड आहे म्हणून मुद्दाम पाठवतो,' असे त्याने खाली लिहिले होते. पैसे मोजले की काही मिनिटे ससाणा हातावर मिळतो, अशी तिकडे सोय आहे म्हणे. मुलगा सालस आहे, मुलगीही गोड दिसते. मी दोघांना आशीर्वाद कळवले. पण ते छायाचित्र मात्र पुढे दोनतीन दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

याचे कारण असे की शिकारी पक्षी, कॅमेरा आणि मधुचंद्र या तीन गोष्टी माझ्याही आयुष्यात एकदा एकत्र आल्या होत्या. स्थळ मात्र दुबई नव्हते, पातूर होते. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांस पातूर कोठे आहे हे सांगावे लागेल, ते पुढे सांगतोच. आधी त्या टोपीविषयी थोडे बोलू द्या.

बाज, ससाणे, शिकरे यांना शिकवून त्यांच्याकडून शिकार करून घेण्याची विद्या फार प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला; त्यात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला, म्हणजे ससाण्याच्या खेळाला, स्वतंत्र स्थान दिलेले आहे. कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने तर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा अखंड ग्रंथच याच विषयावर लिहिला, आणि तो हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली छापून प्रसिद्ध केला. ग्रंथ कोणताही घ्या आणि देश कोणताही घ्या, या विद्येचे मर्म एकच आहे. ससाण्याला मारून चालत नाही. एकदा मार बसला की तो कायमचा बिथरतो. लाड करूनही काही साधत नाही, कारण लाड म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. त्याच्यावर चालणारी किल्ली एकच, ती म्हणजे भूक. रानातून धरून आणलेल्या पाखराला हातावर बसवून रात्ररात्र जागवायचे, झोप आणि भूक यांनी ते थकले की त्याच हातावर त्याला मांसाचा तुकडा द्यायचा, आणि पुढे त्याचे वजन असे तोलून धरायचे की अंगात उडण्याची ताकद राहावी पण पोट भरलेले नसावे. पोट भरलेला ससाणा समोरच्या झाडावर जाऊन बसतो आणि मालकाने कितीही हाका मारल्या तरी ढुंकून पाहत नाही. कुत्रा घरी येतो तो धन्यासाठी. ससाणा हातावर येतो तो तुकड्यासाठी. आणि दरवेळी हातावरून सुटताना तो पुरा मोकळा असतो, ही या विद्येतील खरी गंमत व खरी धास्ती.

आणखी एक मौज सांगतो. या पक्ष्यांत मादी नराहून मोठी आणि बलवान असते, म्हणून शिकाऱ्यांत मान तिचा. आपल्याकडील जुन्या बाजदारांच्या भाषेत 'बाज' हे नाव मादीचे, तिच्या नराला म्हणायचे 'जुर्रा'. 'लग्गड' ही मादी, नर 'जग्गर'. आणि 'शिकरा' म्हणजेही मादीच, तिचा नर तो 'चिपका'. जातीचे नाव बायकोने चालवावे आणि नवऱ्याला निराळे, काहीसे दुय्यम नाव मिळावे, अशी ही व्यवस्था आहे. इंग्रजीतही पूर्वी 'फाल्कन' हा शब्द मादीपुरताच राखलेला होता.

ही माहिती ध्यानात ठेवून शेक्सपिअरचे 'द टेमिंग ऑफ द श्रू' वाचावे. आपल्याकडे वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी त्याची 'त्राटिका' केली आणि शाहूनगरवासी मंडळीने ती गाजवली, हे जुन्या नाट्यरसिकांस ठाऊक आहेच. मूळ नाटकात पेत्रुकिओ हा नवरा लग्न होताच प्रेक्षकांना विश्वासात घेऊन आपली युक्ती सांगतो: माझी ससाणी आता भुकेली आहे, ती वळणावर येईपर्यंत मी तिला पोटभर खाऊ देणार नाही, झोपूही देणार नाही. बायकोला वठणीवर आणण्याचे हे शास्त्र त्याने बाजदाराच्या पोथीतून जसेच्या तसे उचलले आहे. हे नाटक मी जवळजवळ तीस वर्षे शिकवीत आलो आहे. या भाषणाशी आलो की वर्गातील मुली एकमेकींकडे पाहतात आणि मुले खिडकीबाहेर पाहतात. शेक्सपिअरला हे खरोखर मान्य होते की तो पेत्रुकिओची थट्टा करीत होता, यावर विद्वानांचे वाद आहेत. ते मी मुलांना सांगतो. माझ्या मनात मात्र दरवेळी पातूरची एक ओसरी उभी राहते.

अकोल्याहून वाशिमच्या रस्त्याने निघाले म्हणजे तीस-बत्तीस किलोमीटरवर पातूर लागते. मागचे सपाट काळ्या मातीचे वऱ्हाड येथे संपते आणि पुढे घाट चढून गाडी पठारावर जाते. गावाला टेकलेल्या डोंगराच्या पोटात प्राचीन कोरीव लेणी आहेत, रेणुकामातेची टेकडी आहे, आणि शेख बाबूंचा दर्गा आहे. जुन्या सरकारी कागदांत गावाचे नावच 'पातूर शेखबाबू' असे लिहीत. गावाच्या एका बाजूस कपाशी आणि तूर, दुसऱ्या बाजूस सागाचे व सालईचे रान. माणसांना अशा हद्दीवरच्या गावांचे फारसे कौतुक नसते, पण शिकारी पक्ष्यांना ती फार मानवतात. रानात बसायला जागा आणि वावरात खायला उंदीर!

आमचे लग्न १९९७ च्या डिसेंबरात, मार्गशीर्षात झाले. आमच्या ओळखीतील नवी जोडपी तेव्हा चिखलदऱ्यास जात. ज्यांच्या वडिलांची नोकरी बरी ती महाबळेश्वरास. आम्ही पातूरला गेलो, कारण माझ्या पत्नीच्या मामांचे तेथे वावर होते, वावरात दोन खोल्यांचे घर होते, आणि तिने 'मला तेथे जायचे आहे' असे स्वच्छ सांगितले होते. ती प्राणिशास्त्राची एम. एस्सी. झालेली, मी इंग्रजीचा अध्यापक. लग्न आईवडिलांनी जमवलेले. ती बरोबर काय आणील याविषयी माझ्या मनात नवऱ्यामुलाच्या ज्या काही कल्पना होत्या त्यांत रशियन बनावटीचा एक झेनिट कॅमेरा व त्याचे तीनशे मिलिमीटरचे भिंग बसत नव्हते. ते भिंग वरवंट्याएवढे जड होते. जवळ दोन फिल्मा होत्या. प्रत्येकीत छत्तीस चित्रे. आज खिशातल्या फोनवर लोक एका सकाळी हजार चित्रे काढतात त्यांना या छत्तीसच्या आकड्याचा अर्थ कळणे कठीण आहे. बोट दाबण्यापूर्वी माणूस तेव्हा विचार करीत असे, आणि तो विचार दरवेळी पैशांचाही असे.

पहिले तीन दिवस आम्ही कापशीच्या मागे होतो. कापशी म्हणजे कपाशी नव्हे. ही एक लहानशी, राखी-पांढरी घार. खांद्यावर काळा डाग, डोळे माणकासारखे लाल. हवेत एकाच ठिकाणी पंख फडफडवीत ती टांगल्यासारखी थांबते, पाय खाली सोडते, आणि उंदरावर अलगद उतरते. शेताच्या कडेची एखादी वाळकी फांदी किंवा तारेचा खांब ही तिची ठरलेली बैठक असते. उडाली तरी फिरून तेथेच येते. छायाचित्रकाराला याहून सोयीचे गिऱ्हाईक नाही असे वाटेल. पण पायी जाणारा माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की ती उडते, आणि ते अंतर झेनिटच्या भिंगाला नेमके पुरत नसे.

यावर तोड मामांनी काढली. त्यांनी बंडी जुंपली. कापूस भरलेल्या बंडीत वर झोपायचे, बैल आपल्या चालीने जातील तसे जाऊ द्यायचे, आणि खांबाखाली आल्यावरही बंडी थांबवायची नाही, नुसती सावकाश करायची. कापशीच्या लेखी बैल म्हणजे माणूस नव्हेत. आम्ही तिच्या इतके जवळ गेलो की तिच्या नख्यांना लागलेली माती दिसत होती. पत्नीने चित्र घेतले. झेनिटचे झाकण आत मोठ्याने खट्ट वाजे; कापशीने मान वळवून आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा वावराकडे लक्ष लावले.

पुढे कित्येक वर्षांनी मला कळले की मामांची युक्ती विलायतेत आधीच होऊन गेली होती. रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे यॉर्कशरचे दोन भाऊ. रानातील पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसकट चित्र त्यांनी १८९२ साली घेतले, आणि या कलेचा पाया घातला असे मानतात. १९०० साली त्यांनी खऱ्या बैलाचे कातडे आतून पोकळ ठेवून भरून घेतले, आणि त्या बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहून ते पक्ष्यांची चित्रे घेऊ लागले. आमचे बैल जिवंत होते, एवढाच काय तो वऱ्हाडाचा अधिकपणा.

चौथ्या दिवशी दुपारी मामांच्या गड्याचा मुलगा धावत आला. गावाकडच्या वाटेवरील कडुनिंबात एक पाखरू उलटे लोंबते आहे, असे तो म्हणाला. संक्रांत अजून महिनाभर दूर होती, पण पोरांचे पतंग सुरू झाले होते. काच लावलेल्या मांज्यात एक शिकरा पंखाने अडकला होता. गडी झाडावर चढला, फांदी खाली वाकवली, आणि खाली मी उभा होतो म्हणून पाखरू माझ्या हाती आले. सासरकडून लग्नात मिळालेली नवी कोरी शाल माझ्या अंगावर होती. तीच त्याच्यावर टाकली.

मामांच्या वावरावर एक म्हातारे गृहस्थ राहत. ते वनखात्यात वनरक्षक होते आणि निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. ते काठी टेकीत आले आणि माझा पवित्रा पाहून म्हणाले, "मास्तर, चोचीले काहून भेता? चोचीले भेऊ नोका. पायाइले जपा." त्यांनी सांगेपर्यंत एक नखी माझ्या तळहातात शिरली होती. शिकरा आकाराने कबुतराएवढा; पण त्या पंजाची पकड अशी की ती सोडवायला दोन माणसे लागली. म्हाताऱ्यांनी शालीचे टोक पाखराच्या डोक्यावरून ओढले, आणि काय सांगावे, अंधार होताच ते एकदम निपचित झाले. दुबईच्या टोपीचा अर्थ मला त्या वेळी कळला. अंधार ही पाखराची निद्रा नव्हे. त्याचे जग कोणी तरी मिटून टाकलेले असते.

"मादी हाये," म्हातारे म्हणाले. "शिकरा म्हंतात तो हेच. नर लहान असते, चिपका."

मामांना भलताच उत्साह आला. जावईबापूंच्या हातात शिकरा, आणि भाची छायाचित्रकार! "घे, घे फोटो," ते म्हणाले. माझ्याही मनात तेच होते हे सांगितलेच पाहिजे. तळहातातून रक्त येत होते आणि मी चेहरा शूर ठेवला होता. पत्नीने मात्र भिंगावर झाकण बसवले.

"हातातल्या पाखराचा फोटो कशाला?" ती म्हणाली. "तो तुमच्या हाताचा फोटो होईल."

मामांनी मग आपला साधा कॅमेरा आणून ती हौस भागवली. ते चित्र आमच्या संग्रहात आहे. त्यात मी शालीचे एक गाठोडे छातीशी धरून उभा आहे. शिकऱ्याचे एक पीसही दिसत नाही. नवे पाहुणे ते पाहून 'हे बाळ कोणाचे?' असे हमखास विचारतात.

पंखाची चामडी कापली होती, हाड शाबूत होते. म्हाताऱ्यांनी हळद लावली आणि पहिली गोष्ट सांगितली ती वनखात्याच्या माणसाला निरोप धाडण्याची. १९७२ च्या कायद्याने रानातले पाखरू घरी ठेवता येत नाही, मग ते जखमी का असेना. ते खात्याच्या कानावर घालावे लागते. निरोप गेला, माणूस सकाळी येणार होता. तोवर शिकऱ्याला आतल्या खोलीत कोंबड्यांच्या डालीखाली ठेवले, वर गोणपाट टाकले, आणि म्हाताऱ्यांनी आम्हांला दटावून ठेवले की घडोघडी गोणपाट उचलून पाहायचे नाही. पाखरू जखमेने मरत नाही, धसक्याने मरते, असे त्यांचे म्हणणे. वनरक्षकाच्या नोकरीत त्यांनी अशी कितीतरी मेलेली पाहिली असणार.

मधुचंद्राची आमची खोली शिकऱ्याने घेतल्यामुळे आम्ही दोघे ओसरीवर बसलो. डिसेंबरातली पातूरची थंडी डोंगरावरून उतरते. शालीवर रक्त आणि पिसे. ती काही पांघरता येईना. वीज गेलेली होती. आत अधूनमधून डालीला पंख घासल्याचा आवाज येई, मग दोघेही बोलणे थांबवून ऐकत असू. त्या आवाजांच्या मध्ये केव्हा तरी ती म्हणाली, "एक गोष्ट तुम्हांला सांगायची राहिली आहे."

लग्नाच्या आठ दिवस आधी तिला नागपूरच्या एका महाविद्यालयाचे नेमणुकीचे पत्र आले होते. नव्या वर्षाच्या आरंभी रुजू व्हायचे होते. पत्र तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत होते. माझ्या घरी वडील माणसांनी गृहीत धरले होते की सून अमरावतीस राहील. तिच्या घरी वडील माणसांनी गृहीत धरले होते की हा विषय आता मिटला. या गृहीतांत तिला कोणी विचारले नव्हते, आणि मलाही कोणी विचारले नव्हते, कारण मला ठाऊकच नव्हते.

"तुला काय करायचे आहे?" मी विचारले.

"मला जायचे आहे," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "मी परवानगी मागत नाही. तुम्हांला काय वाटते ते विचारते आहे."

या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे ते मोजायला मला थोडा वेळ लागला. चार दिवसांची ओळख. तीही बरीचशी कापशीच्या खांबाखाली, तोंड मिटून झालेली. आत डालीखाली शिकरा पुन्हा फडफडला. मला वाटते, मी पहिल्याने विचारले ते बडनेऱ्याहून नागपूरला सकाळी कोणती गाडी आहे हे. मग आम्ही हिशेब करू लागलो. शनिवारी दुपारी निघायचे, सोमवारी पहाटे परत. भाडे किती, खोलीचे किती. माझ्या आईला कोणी सांगायचे, आणि आधी सांगायचे की मागाहून. काही गोष्टींवर वाद झाला. पहाटेपर्यंत वादही झाला आणि हिशेबही झाला. पेत्रुकिओच्या भाषणातील जागरणाचा भाग त्या रात्रीनंतर मला अधिक चांगला शिकवता येऊ लागला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण मी जागा होतो तो थंडीने आणि नागपूरच्या वेळापत्रकाने.

टी. एच. व्हाइट नावाचा इंग्रज लेखक १९३६ साली शिक्षकाची नोकरी सोडून जंगलातल्या एका झोपडीवजा घरात राहिला आणि जर्मनीहून आणवलेल्या एका बाजाला जुन्या पद्धतीने जागवून माणसाळवू लागला. पाखराबरोबर तोही रात्रीमागून रात्री जागला. 'द गॉसहॉक' या त्याच्या पुस्तकात, ते १९५१ साली प्रसिद्ध झाले, ही हकीकत आहे. शेवटी दोरी तुटून बाज उडून गेला. ते पुस्तक मला फार आवडते. पण त्यातील जागरणांत व्हाइट एकटाच बोलतो आहे, हे वाचताना सारखे टोचत राहते.

सकाळी वनखात्याचा माणूस आला. म्हाताऱ्यांनी आणि त्याने गोणपाट काढले. शिकरा ताठ उभी होती. तिने दिलेले मांस शिवलेले नव्हते. डोळे नारिंगी-पिवळे, आणि त्यांत कृतज्ञता वगैरे शोधणाऱ्यास काही सापडले नसते. पंख पसरून पाहिला. हालचाल ठीक होती. दोघांनी आपसांत बोलून ठरवले की अकोल्याला नेण्याच्या दगदगीपेक्षा येथेच सोडलेली बरी. वावराच्या बांधावर नेऊन त्यांनी तिला सोडली. ती जमिनीलगत गेली, मग वर उचलली गेली, आणि तीसएक पावलांवरच्या बाभळीवर बसली. आम्हां सर्वांना तिने पाठ दिली आणि चोचीने एकेक पीस साफ करू लागली. मला वाटले होते, डोंगराकडे भरारी घेईल. मामांनाही तसेच वाटले असावे, कारण ते जरा हिरमुसले. पत्नी मात्र बांधावर पोटावर पडली होती. फिल्मेत शेवटची चार चित्रे उरली होती. चारही तिने त्या पाठमोऱ्या, पीस साफ करणाऱ्या शिकऱ्यावर घातली.

त्यांतील एक आमच्या भिंतीवर आहे. ते किंचित हललेले आहे. त्यात पराक्रम काही नाही. एक पाखरू आपले काम करते आहे, आणि त्याला कोणी पाहते आहे याची त्याला पर्वा नाही.

ती जानेवारीत नागपूरला रुजू झाली. आमच्या घरात काही दिवस अबोला राहिला, मग तो आपोआप विरला. सहा वर्षे आम्ही बडनेरा स्टेशनावर संसार केला असे म्हटले तरी चालेल.

नागपुरातून येताना ती एकदा बातमी घेऊन आली. आम्ही पातूरला होतो त्याच्या जेमतेम पंधरवडा आधी, १९९७ च्या २५ नोव्हेंबरला, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा अमेरिकनांना रानपिंगळा दिसला होता. हे लहानसे घुबड दिवसाउजेडी शिकार करते. १८७२ साली ते प्रथम हाती आले, पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचे वर्णन केले, आणि जेम्स डेव्हिडसनने खानदेशात १८८४ पर्यंत काही मारून जमा केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. मध्ये फक्त एक पुरावा होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या सेनाधिकारी पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला मारलेला म्हणून मांडलेला एक नमुना. तो खोटा निघाला. संग्रहालयातून डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून, त्याची पिसे नव्याने बसवून आणि त्यावर नवी चिठ्ठी लावून या गृहस्थाने तो आपला म्हणून दाखवला होता. रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली. जो पक्षी कातडे होऊन हातात आला त्याच्याविषयी असे खोटे बोलता आले, आणि त्या खोट्याने शोधकांची दिशा कितीतरी वर्षे चुकली. शहाद्याचा पुरावा मात्र फांदीवर बसलेल्या जिवंत पाखराच्या छायाचित्रांचा आणि चलच्चित्राचा होता. पुढे हाच रानपिंगळा आमच्या मेळघाटातही सापडला.

कॅमेरा म्हणजे निर्दोष वस्तू, असे मात्र कोणी समजू नये. एरिक हॉस्किंग हा इंग्लंडचा नामांकित पक्षिछायाचित्रकार १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्याशी गेला, तेव्हा त्या घुबडाने त्याचा डावा डोळा कायमचा घालवला. घुबडाच्या बाजूने पाहिले तर भिंग असो की बंदूक, पिलांच्या जवळ आलेला तो एक राक्षसच. आज घरट्यांभोवती कॅमेऱ्यांची जी दाटी होते, ध्वनिमुद्रित आवाज लावून रानपिंगळ्यासारख्या दुर्मिळ पाखराला जे पुनःपुन्हा हाका मारून समोर आणवतात, ते पाहिले म्हणजे मला बाजदारच बरा वाटू लागतो. तो निदान तुकडा तरी देत असे.

पत्नी निवृत्तीला आली आहे. झेनिट कपाटात आहे. आता तिच्याजवळ नवा, हलका, न वाजणारा कॅमेरा आहे. मेळघाटात आम्हांला रानपिंगळा एकदाच दिसला, सागाच्या उघड्या फांदीवर, सकाळी नऊच्या उन्हात. तिने त्याची सहा चित्रे घेतली आणि मग कॅमेरा मांडीवर ठेवून नुसती पाहत बसली.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही अकोल्याहून वाशिमला निघालो होतो. रस्ता आता रुंद झाला आहे. कपाशीची कितीतरी वावरे सोयाबीनने घेतली आहेत, आणि सोयाबीन निघाल्यावर तेथे हरभरा उभा असतो. पातूरच्या अलीकडे ती एकदम म्हणाली, "गाडी बाजूला घ्या, पण दार उघडू नका." विजेच्या तारेवर कापशी बसली होती. मागून मालमोटारी हॉर्न वाजवीत जात होत्या. कापशीला त्यांचे काही नव्हते. ती उडाली, हरभऱ्यावर टांगून राहिली, पाय खाली सोडले, उतरली, आणि उंदीर घेऊन पुन्हा त्याच तारेवर आली. मी घड्याळ पाहिले. मुहूर्ताला फार वेळ उरला नव्हता. "निघू या का?" मी विचारले.

"दोन मिनिटे," ती म्हणाली.